उसना दम

पट्टा बांधायच्या आधी मुजावर मॅडम प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायच्या. आज कुणाशी भांडण झालंय का? उत्तर 'हो' आलं तर त्या दिवशी पट्टा मिळायचा नाही. नळ्या धुवायच्या, फिल्टर बदलायचे आणि राग उतरेपर्यंत पेशंटपासून लांब राहायचं. मिरजेच्या त्या रुग्णालयात श्वासोपचाराचा डिप्लोमा नवाच सुरू झाला होता आणि नव्या मुलांना हा प्रश्न भलताच विनोदी वाटायचा. वसतिगृहात कुणी दुसऱ्याचा साबण उचलला तरी, "थांब, तुझा उद्याचा पट्टाच बंद करते," अशी धमकी मिळायची. स्वतःच्या छातीला एकदा पट्टा बांधला, की मग मात्र ही थट्टा कुणी करायचं नाही.

पट्ट्यामागचं शास्त्र समजायला अवघड नव्हतं. आपल्याला वाटतं, श्वास म्हणजे एकसारखी वरखाली. तसं नसतं. निरोगी माणसाचा कुठलाही श्वास आधीच्या श्वासाएवढा नसतो. एखादा उथळ, एखादा खोल, आणि मध्येच नकळत सुटलेला एक मोठा उसासा. फुप्फुसाच्या तळाशी मिटून बसलेले बारीक वायुकोश त्या उसाशानेच उघडतात. जुनी व्हेंटिलेटर मशीनं हवा मापून, दर वेळी तेवढीच द्यायची. पेशंट जगायचा, पण त्याचं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला पडद्यासारखा स्नायू, काम नसल्याने सुकत जायचं. मग मशीन काढायला गेलं की पेशंट धापा टाकायचा आणि पुन्हा मशीनवर जायचा. संगणकाने हवा मुद्दाम कमीजास्त करून पाहिली, त्याचा थोडाफार उपयोग झाला. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की शेजारी झोपलेल्या दोन माणसांचे श्वास हळूहळू जुळत जातात. मग पेशंटला जिवंत माणसाचाच श्वास का देऊ नये?

छातीत हवा भरली की शरीरातून सोडलेल्या अगदी क्षीण विजेला जास्त अडथळा होतो. पट्टा तो अडथळा मोजायचा, त्यावरून विद्यार्थ्याच्या श्वासाचा आकार ओळखायचा, आणि मशीन त्याच आकाराची हवा पेशंटला द्यायचं. उलट बाजूने, पेशंटची छाती स्वतः जेवढा जोर लावेल तेवढा दाब विद्यार्थ्याच्या बरगड्यांवर यायचा. पेशंटचा जोर वाढेल तसा आपला श्वास थोडाथोडा काढून घ्यायचा, आणि एक दिवस पट्टा सोडून द्यायचा. याला सगळे 'सोडवणं' म्हणायचे. एक पेशंट स्वतःच्या श्वासावर सोडवल्याशिवाय डिप्लोमा नव्हता. पट्ट्यातून विचार जात नसत, शब्द जात नसत, हे मॅडम पहिल्याच तासाला सांगायच्या. पण मनात काही खुपत असलेल्या माणसाचा श्वास कसा चालतो हे कुणाला माहीत नाही?

केतकी भोरे तासगावकडची. शाळेत असताना कबड्डीची चढाई करायची, त्यामुळे छाती भरलेली आणि दम मोठा. म्हणूनच मॅडमनी तिला सगळ्यात अवघड पेशंट दिला. यशवंत खोत, निवृत्त क्रीडाशिक्षक. न्यूमोनियाने फुप्फुसं पार थकून गेलेली. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवली होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. आणि योगायोग असा, की खोत सर जिल्ह्यातले नावाजलेले कबड्डी पंच होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याच्या दमावर कान ठेवला होता. चढाई करणारा एका दमात 'कबड्डी कबड्डी' घुमवतोय की मध्येच चोरून श्वास घेतोय, हे ते मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून ओळखायचे. चोरी सापडली की दोन बोटं स्वतःच्या गळ्यावर आपटायचे. दम तुटला, बाद. जिल्ह्यात कबड्डी खेळणाऱ्या सगळ्यांना ही खूण पाठ होती, केतकीलाही.

पहिल्या दिवशी पट्टा जोडल्यावर केतकीने घाबरून आवंढा गिळला आणि तिचा श्वास अडखळला. सरांनी डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं आणि नळीच्या बाजूला दोन बोटं आपटली. केतकीला हसू आवरेना. ते हसू पट्ट्यातून त्यांच्या छातीत गेलं आणि सरांचे खांदे गदगदा हलले. बाहेर काचेआड उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला वाटलं, काहीतरी झालं. तिने काचेवर थापा मारल्या. मग सगळं समजल्यावर तीही पदराने तोंड झाकून हसली.

सरांची बायको, मालनकाकू, रोज भेटीच्या वेळेला यायच्या. आत जास्त वेळ थांबू देत नसत, म्हणून केतकी पट्टा बांधायला जायच्या आधी त्या तिला काचेशी गाठून निरोप द्यायच्या. निरोप म्हणजे काय, घरातल्या बारीकसारीक गोष्टी. नळाला पाणी कमी येतंय. शेजारच्यांनी भिंत रंगवली, पण रंग काही बरा नाही. सर डोळे मिटून हे निरोप असे ऐकायचे, जशा काही आकाशवाणीच्या बातम्या. त्या वेळी त्यांची छाती स्वतःहून जोर लावायची आणि केतकीच्या बरगड्यांवर हलका दाब यायचा. तिला फार बरं वाटायचं ते.

एक दिवस काकूंना यायला उशीर झाला. केतकीची वेळ झाली होती, मॅडम आतून बघत होत्या. काकू धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "तेवढं सांग त्यास्नी. मागल्या दाराची कडी बसवून घेतली म्हणावं. आता रोज उठून बघायला नको."

केतकी मान डोलावून आत गेली. आत मॅडमनी नवीन आकडे समजावले, त्यात वेळ गेला, आणि कडीचं सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे राहून गेलं असंही नाही. मध्ये एकदा तिला आठवलं होतं. पण एवढंसं काय सांगायचं, उद्या दुसऱ्या निरोपाबरोबर सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालनकाकू अंगणातच कोसळल्या. हृदय बंद पडलं. रुग्णालयात आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

अजित, त्यांचा एकुलता एक मुलगा, केतकीला व्हरांड्यात भेटला. डोळे सुजलेले, अंगावर आदल्या दिवशीचाच शर्ट. त्याने हात जोडले. डॉक्टरांशी बोलणं झालंय, सगळ्या भावकीचंही हेच मत आहे, असं म्हणाला. आपल्याकडे हे काही नवीन नाही. आजारी माणसाला घरातली मयत सांगायची नाही, बरं झाल्यावर सावकाश सांगायचं, ही रीत सगळ्यांनाच माहीत असते आणि ती मायेपोटीच असते.

"दादांना कळलं तर ते सोडून देतील सगळं," अजित म्हणाला. "तुम्हीच त्यांच्या जवळ असता. आईला सर्दी झालीय, आत सोडत नाहीत, एवढंच सांगा. बरं झाल्यावर मी सांगतो."

केतकी हो म्हणाली. फार पटकन म्हणाली. त्या पटकनपणाची तिला तिथेच लाज वाटली, कारण तो सगळा काही अजितच्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे आलेला नव्हता. कोल्हापूरच्या एका रुग्णालयात तिची नोकरी जवळजवळ ठरली होती. वडिलांनी गावभर सांगून टाकलं होतं. सरांनी हाय खाल्ली असती तर नवा पेशंट, नवी सुरुवात आणि परीक्षा पुढच्या तुकडीबरोबर. हे सगळं एका क्षणात तिच्या डोक्यात येऊन गेलं आणि मगच तोंडातून 'हो' बाहेर पडलं.

मॅडमनी त्या दिवशी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. त्या म्हणाल्या, "घरच्यांचा निर्णय आहे, आपण बदलायचा नाही. पण पट्टा बांधून खोटं बोलायचं नाही. कोणी विचारलं तर गप्प राहायचं. नाही जमणार तर आत्ताच सांग, मी दुसऱ्याला देते."

"जमेल मॅडम," केतकी म्हणाली.

आणि आत जाऊन तिने पट्टा बांधला. सरांची नजर काचेकडे होती. काचेआड कुणी नव्हतं. त्यांनी भुवई उंचावून विचारलं. गप्प राहायचं होतं, पण त्या नजरेपुढे गप्प राहणं तिला जमेना. काकूंना सर्दी झालीय, आत सोडत नाहीत, असं ती म्हणाली. म्हणताना तिचा श्वास मध्येच थांबला. क्षणभरच. त्याच क्षणी सरांची छातीही थांबली, कारण ती तिच्याच श्वासावर चालली होती. सर तिच्याकडे पाहत राहिले. घाबरून तिने पुढे जोडलं, "काकूंनी निरोप दिलाय. म्हणाल्या, अंगणातल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात."

सरांनी डोळे मिटले. तिच्या बरगड्यांवर दाब आला, नेहमीपेक्षा जास्त. आकडे सुधारले.

खोटं चाललं की त्याची सवय लागते, आणि आकड्यांनी शाबासकी दिली की मग विचारायलाच नको. केतकी रोज एक निरोप तयार करू लागली. मालनकाकूंचे खरे निरोप रुक्ष असायचे. हिचे गोड होते. तुमच्याशिवाय घास उतरत नाही. तुमची काठी रोज पुसून ठेवते. रात्री अंथरुणावर पडल्यावर ती दुसऱ्या दिवशीचा निरोप जुळवायची आणि तो एकसारख्या श्वासात म्हणून बघायची. जुनी चढाईची सवय कामी आली. आठवड्याच्या आत ती न अडखळता खोटं बोलू लागली. कधीकधी एखादा निरोप फार छान जमला असं वाटून तिला आनंदही व्हायचा. तो आनंद ओसरला की जेवण जाईना. आई फोनवर विचारायची, एवढी वाळलीस का गं? अभ्यास फार आहे, असं सांगून ती फोन ठेवायची.

दहाव्याला अजितने मुंडण केलं, मिशीही काढली. आयसीयूत टोपी आणि मास्क सक्तीचे, त्यामुळे वडिलांना दिसणार नाही म्हणून सगळे निश्चिंत होते. तो दुसऱ्या दिवशी भेटायला आला, पलंगाशी बसला, आईची सर्दी अजून उतरली नाही असं सांगून लगेच निघाला. सर त्याच्याकडे एकटक बघत होते. त्यांनी त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्या दिवसापासून केतकीच्या बरगड्यांवरचा दाब कमी होत गेला. आधी तिला वाटलं, पट्टा सैल झाला असेल. तिने आवळून बांधला. मॅडमनी पट्टाच बदलून दिला. पण मशीनवरच्या दोन रेषा स्पष्ट होत्या. वरची रेषा केतकीच्या श्वासाची, खालची सरांच्या स्वतःच्या जोराची. खालची सपाट होत चालली होती. सर तिच्या श्वासावर नुसते पडून होते. असंच राहिलं तर श्वासपटल कायमचं जाईल आणि मग मशीन सुटायचं नाही, असं मॅडमनी सगळ्यांसमोर सांगितलं. मग केतकीला बाजूला घेऊन विचारलं, काही बोलली होतीस का त्यांच्याशी?

नाही, केतकी म्हणाली. हे खोटं तिने पट्टा न बांधता सांगितलं, तरी छातीत तसंच टोचलं.

दुपारची वेळ होती. पडद्यांतून ऊन येत होतं आणि वॉर्ड जेवणानंतरच्या गुंगीत होता. केतकी पट्टा बांधून सरांच्या शेजारी बसली. त्या दिवशीचा निरोप तिने फार मेहनतीने बनवला होता, कारण आता काहीही करून त्यांना उभारी द्यायची होती.

"काकूंनी विचारलंय, घरी आल्यावर पहिल्यांदा काय खाणार?"

श्वास अजिबात अडखळला नव्हता. पडद्यावरची रेषा सुरेख होती. तरी सरांनी हात उचलला. बराच वेळ लागला त्यांना तो गळ्यापर्यंत न्यायला. नळीच्या बाजूला दोन बोटं आपटली आणि मग तीच बोटं तिच्याकडे रोखली.

दम तुटला. बाद.

केतकीला कळलं की सर या श्वासाचा निकाल देत नव्हते. तो त्यांनी ती सर्दीचं सांगताना अडखळली तेव्हाच मनात दिला होता, आणि तेव्हापासून ती बाद होऊनही उगाच दम घुमवत होती. सरांच्या डोळ्यांत राग नव्हता. ते नुसते वाट बघत होते.

"सर," ती म्हणाली, "काकू गेल्या. त्यांना जाऊन बरेच दिवस झाले. मी खोटं सांगत होते."

सरांनी हळूच मान हलवली. मग त्यांचा चेहरा बदलला. ओठ वाकडे झाले, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. पण त्यांच्या आधी केतकीच रडायला लागली, आणि तिचे हुंदके पट्ट्यातून थेट त्यांच्या छातीत जाऊ लागले. मशीन इमानदारीने तिचा एकेक हुंदका त्यांच्यात भरत होतं. सरांचं शरीर कुणीतरी खांदे धरून हलवावं तसं हलत होतं. ते बघून केतकीला एकदम समजलं, की या माणसाला बायकोसाठी रडायचं आहे आणि तेवढा श्वाससुद्धा आपण त्याच्याकडे ठेवलेला नाही. त्याच्या छातीत आपलंच रडणं चाललंय.

तिने पट्ट्याचा चाप ओढून पट्टा काढला.

असं झालं की मशीन थोडा वेळ वाट बघतं. पेशंटने स्वतः श्वास ओढला तर त्याला मदत करतं, नाही तर जुन्या मशीनसारखी मापाची हवा सुरू करतं. त्या थोड्या वेळात काहीच झालं नाही. सरांची छाती स्थिर होती. मग खालची सपाट रेषा हलली. एक तुटका श्वास, लगेच दुसरा, मग एक मोठा, खोल, थरथरत आत ओढलेला. गळ्यातल्या नळीमुळे आवाज येत नव्हता. सर आवाज न होता रडत होते, स्वतःच्या दमाने.

धोक्याचा गजर वाजला आणि मुजावर मॅडम धावत आल्या. "पट्टा बांध," त्या म्हणाल्या.

"नको मॅडम. त्यांना रडू द्या."

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं. हुंदका म्हणजे शेवटी काय, खोल ओढलेला, वेडावाकडा श्वास; फुप्फुसाला हवा असतो तसाच. ऑक्सिजनचा आकडा खाली गेला, रेंगाळला आणि मग सावरला. मॅडमनी हात लांब करून गजर बंद केला. त्या दिवशी पट्टा पुन्हा बांधला गेला, पण रडणं थांबल्यानंतर.

पुढे सर हळूहळू सुटले. केतकीचं मात्र काही गोड झालं नाही. अजित तिच्यावर चिडला आणि त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही. आईची बातमी वडिलांना मुलाने द्यायची, ती एका परक्या मुलीने दिली आणि त्याआधी आईच्या तोंडी वाटेल ते घातलं. मॅडमनी तिला नापास केलं. पेशंट सुटला, पण पट्टा बांधून खोटं बोललीस आणि विचारल्यावर माझ्याशीही खोटं बोललीस, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. कोल्हापूरची नोकरी गेली. वडील फोनवर नुसते 'बरं' म्हणाले. केतकीने हे सगळं मुकाट्याने घेतलं. आत जे टोचत होतं, त्यापुढे ही शिक्षा तिला कमीच वाटत होती.

सरांच्या नळीवर बोलायची झडप बसवली तेव्हा त्यांनीच तिला बोलावून घेतलं. आवाज घोगरा होता आणि दर दोन-चार शब्दांना थांबावं लागत होतं. केतकी पलंगाशी उभी राहिली. माफी कशी मागायची ते तिने रात्रभर घोकलं होतं, पण सरांनी संधीच दिली नाही.

"तू अडखळलीस, तेव्हा शंका आली," ते म्हणाले. "अजित आला... टोपीखाली कानाशी केस नव्हते. तेव्हा कळलं." थांबले. "पण कुणी सांगेपर्यंत... रडायचं कसं, पोरी?"

केतकीने त्यांची सरकलेली उशी नीट केली.

"तू बरंच काय काय सांगितलंस. मोगऱ्याच्या कळ्या. ते तिचं?"

"नाही सर. माझं."

"माझ्याशिवाय घास उतरत नाही, ते?"

"तेही माझंच."

"वाटलंच." सरांच्या चेहऱ्यावर हसू येऊन गेलं. "ती असलं जन्मात बोलली नसती. मग तिचं शेवटचं कुठलं?"

हा प्रश्न येईल असं केतकीला कधी वाटलंच नव्हतं. तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"शेवटचा निरोप मी तुम्हाला दिलाच नाही, सर. त्या दिवशी राहिला. मला तो महत्त्वाचा वाटला नाही." तिने श्वास घेतला. "मागच्या दाराची कडी बसवून घेतली, असं म्हणाल्या."

ती कडी खूप वर्षं सैल होती. रोज रात्री उठून सर दार लागलंय का बघायचे, आणि सुतार आणतो म्हणून रोज टाळायचे. त्यावरून दोघांची नेहमी बोलाचाली व्हायची.

"सुतार कुणी आणला?"

"ते नाही बोलल्या."

"तू विचारलं नाहीस?"

"नाही, सर."

सरांनी डोळे मिटले. छाती आपल्या आपण वरखाली होत होती, लहानमोठी, जशी निरोगी माणसाची असते.

"ती कशी म्हणाली? तसंच सांग. तिच्या शब्दांत."

केतकीने काचेकडे पाहिलं आणि धापा टाकत आलेल्या त्या बाईला आठवून सांगितलं, "तेवढं सांग त्यास्नी. मागल्या दाराची कडी बसवून घेतली म्हणावं. आता रोज उठून बघायला नको."

"परत सांग," सर म्हणाले.

तिने परत सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकदा. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि तिने विचारलंही नाही. भेटीची वेळ संपेपर्यंत ती तो निरोप सांगत राहिली.